रिझवानाचा प्रोग्रॅम

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्याशी याचा संबंध आहे तिला तर नाहीच. फार मोठं पाप आहे म्हणून लपवलं असंही नाही. उलट भीती अशी, की ऐकणारा म्हणेल 'एवढंच ना?' आणि मी ते लगेच मान्य करून मोकळी होईन. तुम्ही मला ओळखत नाही. माझी समजूत काढण्याची तुम्हाला गरज नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते — मी सुखात आहे. कबुली देणारी बाई म्हटलं की खंगलेली, मन खात बसलेली कुणी डोळ्यांसमोर येते. तसं काही नाही. सोलापुरात पूर्व भागात आमचं घर आहे. खाली वडिलांचे माग होते, तिथं आता माझं ऑफिस आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, दोन्ही तोंडात सारख्याच बसलेल्या. नवरा चांगला आहे, मुलगी हुशार आहे. लोकांचे सर्व्हर सांभाळायचं माझं काम मला मनापासून आवडतं. झोपही छान लागते. झोप लागते, हेही या कबुलीतच धरा.

काम काय, ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी राबणारा एक संगणक. आमच्याकडचे सगळे लिनक्सवर चालतात. त्यावर डेटाबेस असतो. सगळ्या नोंदी ठेवायच्या आणि कुणी विचारलं की काढून द्यायच्या, हे त्याचं काम. त्याला मेमरी लागते. आणि डेटाबेसचा स्वभाव असा, की मुभा द्याल तेवढी मेमरी तो घेतो. यात त्याचा दोष नाही. कुठं थांबायचं हे त्याला आपण सांगायचं असतं. ते सांगणं हे माझं काम. आजही आहे, तेव्हाही होतं.

तेव्हा मी नोकरीत होते. आमच्या कंपनीकडं जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं काम होतं. नाव सांगत नाही, कारखान्याची यात काही चूक नाही. गाळप सुरू झालं की मी आणि रिझवाना बऱ्याचदा तिकडंच असायचो. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. उसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्याच्या मागं एक खोली होती, त्यात दोन टेबलं आणि भिंतीला लावलेला सर्व्हर. उसाच्या मळीचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा.

रिझवाना सोलापूरचीच. वडील टेम्पो चालवायचे. कॉलेज संपवून थेट आमच्याकडं आली होती आणि मला 'ताई' म्हणायची. खुर्चीवर मांडी घालून बसायची — कितीदा सांगितलं तरी. तिला काम शिकवलं ते मीच. तिला माणसांकडं बघायची सवय होती, ती मात्र माझ्याकडून आलेली नव्हती. मी त्या खिडकीतून कितीतरी हंगाम बाहेर बघितलं होतं. उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग, गाड्यांच्या सावलीत बसलेली तोडकरी माणसं, आपला नंबर पुकारला जाईल म्हणून ताटकळलेली. मला ते कारखान्याचं नेहमीचं चित्र वाटायचं. रिझवाना पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, फोन तर ह्यांच्यातल्या पुष्कळांकडं आहे की. नंबर कुठवर आलाय हे फोनवर दिसलं, तर माणूस उन्हात कशाला बसेल?"

आणि तिनं ते करून दाखवलं. छोटासा प्रोग्रॅम. फोनवर गाडीचा क्रमांक टाकायचा, पुढं किती गाड्या आहेत ते दिसायचं. बस्स. पण त्यानं गाडीतळाचं रूप बदललं. माणसं बैल सोडून, गाडी शेजाऱ्याच्या नजरेखाली ठेवून कोपीवर, आपल्या पाचटाच्या झोपडीवर, जायला लागली. कुणी भाकरी थापून यायचं, कुणी घटकाभर पाठ टेकून यायचं. काट्यावरचे माने अण्णा कुणाचं फारसं कौतुक करत नसत. तेही खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "लई झ्याक काम केलंस की पोरी."

मला बरं वाटलं का? वाटलं. थोडं टोचलंही. ते टोचणं पुढच्या गोष्टीचं कारण होतं का? मला ठरवता येत नाही, म्हणून नुसतं सांगून ठेवते.

मग हंगाम भरात आला आणि सर्व्हर पडायला लागला.

पडायला लागला म्हणजे डेटाबेस कामाच्या मध्येच बंद व्हायचा. काटा थांबायचा. गाड्या फाटकाच्या बाहेरपर्यंत थटायच्या, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत राहायचे. ऊस उन्हात वाळतो आणि वाळला की वजन घटतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. माने अण्णा यायचे आणि म्हणायचे, "म्याडम, बघा की. मानसं आता अंगावर याया लागलीत." मी डेटाबेस पुन्हा चालू करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लिनक्सची एक रीत आहे. मेमरी अगदीच संपली की तो सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारून टाकतो, बाकीचं यंत्र वाचावं म्हणून. आणि तशी एक ओळ लिहून ठेवतो. ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. मेमरी संपली, म्हणून डेटाबेस मारला — इतकं मला कळलं. ती कुणामुळं संपली, हे कळलं नाही. आणि — इथं माझ्याकडं नीट बघा — मी ते शोधलंही नाही. शोधायच्या आधीच माझ्याकडं उत्तर तयार होतं.

आमचे सर सोलापुराहून गाडी घेऊन आले. त्या खोलीत आम्ही तिघंच. सरांनी विचारलं, "हा आजवर कधी पडला नाही. यंदाच का पडतोय?"

मी म्हणाले, "यंदा नवीन एकच गोष्ट आली आहे."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सरांनी रिझवानाकडं बघितलं. रिझवानानं माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता — राग असता तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई म्हणतात म्हणजे असेल, सर. मी बघते."

प्रोग्रॅम बंद झाला. इथपर्यंत तुम्ही म्हणाल, अंदाज चुकला, माणूस चुकतो. मीही स्वतःला तेच सांगितलं असतं. पण गोष्ट इथं संपत नाही.

प्रोग्रॅम बंद करून दोन-तीन दिवस झाले असतील. जेवणाची वेळ होती, पण काटे आणि बाकीचे विभाग चालूच होते. मी एकटीच खोलीत डबा खात होते. आणि डेटाबेस पडला. माझ्या डोळ्यांदेखत. रिझवानाचा प्रोग्रॅम बंद असताना.

तो लगेच आपोआप चालू झाला, तशी सोय मी एव्हाना करून ठेवली होती. माने अण्णांना मात्र समजलं. ते आले आणि म्हणाले, "म्याडम, मगाशी काटा थांबला व्हता. पोरीचं ते तर बंद हाय न्हवं?"

"नेटवर्क गेलं होतं, अण्णा."

"व्हय का," असं म्हणून ते गेले. हे पहिलं खोटं. किती सहज निघालं तोंडातून! घास गिळायलाही थांबावं लागलं नाही.

मग मी डबा बाजूला सारला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. डेटाबेसला आपण काय काय मुभा दिलीय, ते ओळीनं वाचत गेले. आणि सापडलं. त्या हंगामाच्या आधी हिशेब विभागाची तक्रार होती, की ऊसबिलाचा अहवाल फार हळू निघतो. मी डेटाबेसला नोंदी क्रमानं लावण्याच्या कामासाठी मेमरी वाढवून दिली होती. चांगली सढळ हातानं. अहवाल झटक्यात निघाला, हिशेबवाल्यांनी मला चहा पाजला, आणि मी ती ओळ विसरून गेले. ती मेमरी एकदाच, सगळ्यांत मिळून दिली जात नाही. डेटाबेसशी जो जो जोडला जाईल आणि असं काम सांगेल, त्या प्रत्येकाला ती वेगळी मिळते. पंगतीत वाढप्याला 'मोठ्या पळीनं वाढ' म्हणून सांगितलं की प्रत्येक पानावर मोठी पळी पडते, तसं. पंगत लहान होती तोवर निभावलं. हंगाम भरात आला, काटे, शेतकी विभाग, हिशेब, सगळे एकदम जोडले गेले, आणि पातेलं रिकामं झालं.

आणि रिझवानाचा प्रोग्रॅम? तो एक नंबर विचारायचा आणि निघून जायचा. क्रम लावायचा प्रश्नच नव्हता. त्याला लागणारी मेमरी मी मोजून बघितली. चिमूटभर.

ती दुपार मला अजून आठवते, आणि तुम्हाला खरं सांगते, आनंदानं आठवते. मी फार सुंदर काम केलं त्या दुपारी. ती ओळ खाली आणली. डेटाबेसच्या कायमच्या साठ्याचा आकार ठरवताना लिनक्सला आणि बाकीच्या कामांना पुरेल एवढी जागा मोकळी सोडली. एका वेळी किती जणांनी जोडलं जावं, त्याला हद्द घातली. आणि वर डेटाबेसच्या सगळ्या सेवेलाच एक छत बांधलं — याच्यापलीकडं जायचं नाही. मग मेमरीचे आकडे बघत बसले. नवखा माणूस मेमरी भरलेली दिसली की घाबरतो. घाबरायचं नसतं. मोकळी मेमरी लिनक्स फायली हाताशी ठेवायला वापरतो आणि कुणी मागितली की परत देतो. बघायचं ते इतकंच, की मागितली तर किती मिळेल. तो आकडा आता हलत नव्हता. गाड्यांची गर्दी वाढली, सगळे काटे एकदम चालले, आणि तो आकडा जागच्या जागी. हात धुवून आल्यावर स्वच्छ झालेल्या ओट्याकडं बघावं, तसं मी त्याच्याकडं बघत होते.

तेवढ्यात रिझवाना आली. तिच्या टेबलावर बसली, मांडी घालून. प्रोग्रॅम बंद झाल्यापासून ती तो पहिल्या ओळीपासून पुन्हा पुन्हा वाचत होती. डबा उघडायची आणि दोन घास खाऊन झाकायची. मी तिच्याकडं वळले. सांगायलाच वळले होते — हे मी शपथेवर सांगू शकते, पण त्याचा उपयोग काय?

ती म्हणाली, "ताई, अजून सापडत नाही."

मी म्हणाले, "सापडेल."

झालं. मला कबूल करायचं होतं ते हे. हा एक शब्द. चूक माझी होती, ती मला सापडली होती, मी ती दुरुस्त करून अजून जागेवरून उठलेही नव्हते. आणि जी नाहीच ती चूक शोधायला मी तिला आणखी बसवलं. का? सांगायला काही नाही. नोकरी जाणार नव्हती. सर ओरडलेही नसते फारसे. मी तिची ताई होते आणि मला ताईच राहायचं होतं, याहून वजनदार कारण मला अजून सापडलेलं नाही.

आठवड्यानं सरांचा फोन आला. "तो प्रोग्रॅम काढला ते बरं झालं. या आठवड्यात एकदाही पडला नाही ना?"

"नाही पडला," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा.

प्रोग्रॅम बंदच राहिला. तो चालू करायचा तर काही तरी सांगावं लागलं असतं. त्याच दिवसांत एक बाई खोलीच्या दारात आली. तोडकरी होती, बीडकडची. नवऱ्याच्या पायाला कोयता लागला होता, म्हणून गाडी घेऊन तीच आली होती. "बाई, आता फोनात नंबर दिसंना," ती म्हणाली. "पोरगी तापानं फणफणलीय कोपीवर. माझा नंबर कदी लागंल तेवढं सांगता का? जाऊन येते."

मी खिडकीतून रांग बघितली. "वेळ आहे अजून. जाऊन या," असं म्हणाले. अंदाजानं. रांग त्या दिवशी भराभर सरकली — सर्व्हर माझ्या कृपेनं उत्तम चालत होता. तिचा नंबर पुकारला गेला आणि निघूनही गेला. ती धापा टाकत परत आली तेव्हा गाडी बाजूला काढलेली होती. तिला पुन्हा शेवटी लागावं लागलं. ती माझ्याशी भांडली नाही. ऊन उतरेपर्यंत बैलांच्या तोंडाशी उभी राहिली, मधूनमधून कोपीच्या दिशेनं बघत. दोन दिवसांनी मी माने अण्णांना विचारलं. "पोरगी बरी हाय की," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. पोरीसाठी, आणि स्वतःसाठीही. त्यात माझा वाटा किती होता ते मी मोजलेलं नाही.

हंगाम संपला आणि रिझवानानं राजीनामा दिला. कुणी तिला काढलं नाही. "माझ्या हाताला हे काम नाही, ताई," ती म्हणाली. "जे सापडत नाही ते मी लिहू कसं?" मी तिला थांबवलं का? दोनदा 'विचार कर' म्हणाले. निरोपाला मी तिला एक छान साडीही घेतली.

पुढच्या वर्षी कारखान्यानं आपणहून विचारलं, "ते नंबरचं पुन्हा करता येईल का? माणसं विचारतात." मी 'बघते' म्हणाले. रिझवानाचा प्रोग्रॅम जसाच्या तसा होता. मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. फक्त चालू केला. सरांना सांगितलं, "दुरुस्त केलाय." तो हंगामभर चालला, एकदाही कशाला अडला नाही. मी स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा कारखान्याचं काम माझ्याकडं आलं, ते त्या चांगल्या नावावरच. तो प्रोग्रॅम आजही चालतो. गाडीतळावर आज कुणी ताटकळत बसत नाही. मी जाते तेव्हा ते बघून मला आनंद होतो. खरा आनंद. तोही मी लपवणार नाही.

रिझवाना आता अक्कलकोटात असते. लग्न तिकडं झालं. एका शाळेत संगणक शिकवते, मुलं तिच्यावर जीव टाकतात. मराठीत शिकवते, कानडीत दटावते, घरी उर्दूत हसते. ती सुखी आहे. वरवर नाही, आतून. शिकवणं हेच तिचं काम होतं, असं ती स्वतः म्हणते. हे ऐकून मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि त्या हलकं वाटण्याची मला लाज वाटली, तीही थोडाच वेळ. तिचं चांगलं झालं ते तिनं केलं. माझ्या त्या शब्दाचा त्यात काही हात नाही.

ईदला मी दरवर्षी तिच्याकडं जाते. यंदाही गेले. शीरखुर्मा समोर ठेवून ती बसली, तशीच मांडी घालून. तिची एक विद्यार्थिनी आली होती. तिला माझी ओळख करून देताना म्हणाली, "ह्या माझ्या ताई. आधी आपली चूक शोधावी, मग दुसऱ्याची, हे मी ह्यांच्याकडून शिकले."

पोरगी गेल्यावर ती हसत म्हणाली, "ताई, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलंय. माझ्या प्रोग्रॅममधली ती चूक मला शेवटपर्यंत सापडली नाही. तुम्ही नंतर दुरुस्त केलीत म्हणे. काय होती हो?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर तिची मुलं खेळत होती. घाई कुणालाच नव्हती. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"साधीच होती," मी म्हणाले. "आता आठवतही नाही."

"साधीच असणार," ती म्हणाली आणि समाधानानं हसली. "साधीच चूक दिसत नाही माणसाला."

तिच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. मला ते माहीत होतं. तिनं विचारलं, "आणखी वाढू का?" मी वाटी पुढं केली. शीरखुर्मा चांगला झाला होता.